आधी बिल्ला, मग बोला

बावीस वर्षं मी पुण्यातल्या कंपन्यांच्या कार्यक्रमांना दारात बसले. आत येणाऱ्यांच्या दारात नाही. तिथे गुलाबपाणी, पेढे आणि नटलेल्या मुली असतात. मी बाहेर पडणाऱ्यांच्या दारात बसायचे. एक टेबल, एक लाकडी पेटी, बेसनलाडवांची खोकी आणि माझी वही. माणूस बाहेर पडताना छातीवरचा नावाचा बिल्ला काढून पेटीत टाकायचा, लाडवाचं खोकं घ्यायचा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचा. प्रश्न ठरलेला: "घरी गेल्यावर विचारलं, काय झालं तिथे, तर काय सांगाल?"

एवढाच माझा धंदा. माझ्या जाऊबाईंना अजून वाटतं, मी लाडू वाटायची नोकरी केली.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंपन्या एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी सहा-सहा महिने राबतात. हॉटेल, पाहुणे, भाषणं, शाली, श्रीफळं. दुसऱ्या दिवशी फुलं कोमेजतात, कापडी फलक गोदामातल्या उंदरांना मिळतो, आणि फोटोंचा जाडजूड आल्बम साहेबांच्या कपाटात जातो तो कपाट बदलेपर्यंत. लग्नानंतर निदान नवरा-बायको तरी उरतात. कंपनीच्या कार्यक्रमानंतर काय उरतं? जे उरवता येईल ते उरवणं हे माझं काम. दारात उत्तरं घ्यायची, ती नीट वाचायची, आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला पत्र जायला हवं की तुम्ही हे म्हणालात, त्यातलं आम्ही इतकं करू आणि इतकं करणार नाही. तीन महिन्यांनी फोन करायचा: झालं का? यात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते. ती माझ्याकडे आहे. बुद्धीबद्दल इतरांनी बोलावं.

मी मूळची स्टेनो. हडपसरच्या पुढे पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती, तिथे मालकांच्या केबिनबाहेर माझं टेबल. मालक पेंडसे साहेब. राहायला शनिवार पेठेत. कोणी सदाशिव पेठेतले समजलं तर लगेच दुरुस्ती करत. बोलणं मोजकं आणि तिरकं. एकदा मी रजेच्या अर्जात 'कृपया' दोनदा लिहिलं, तर म्हणाले, "एकात भागलं असतं."

खुलं धोरण आलं आणि बाजारात परदेशी पंप दिसायला लागले. रंग असा चकचकीत की विहिरीत सोडायला जीव होऊ नये. तोवर आमचे विक्रेते पंपासाठी आमच्या दारात उभे राहायचे. आता आम्हालाच त्यांना मोठ्या हॉटेलात बोलावून हात जोडायची वेळ आली. विक्री विभागाचे प्रमुख बर्वे यांनी पहिली विक्रेता परिषद थाटात केली. दुसऱ्या दिवशी पेंडसे साहेबांनी मला विचारलं, "गायकवाडबाई, काल काय झालं?"

"छान झालं, साहेब."

"ते बर्वेही म्हणाले. उरलं काय?"

तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता.

माझे वडील खडकीला एका कारखान्यात फिटर होते. छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. रविवारी विहारात सभा असली की आम्हा भावंडांना घेऊन जायचे. परतताना आम्ही वक्त्याचं कौतुक करायला लागलो की रस्त्यातच थांबायचे. "चांगलं बोलले, ते मीही ऐकलं. उद्या सकाळपासून आपल्या घरात काय बदलणार, ते सांगा." आणि बदलल्याशिवाय सोडायचे नाहीत. एका सभेनंतर माझ्या भावाच्या वाट्याला घरची भांडी घासणं आलं, ते त्याच्या लग्नापर्यंत सुटलं नाही. दुसऱ्या एका सभेनंतर मला टायपिंगच्या क्लासला घातलं. म्हणजे माझी अख्खी नोकरीच एका संपलेल्या सभेतून उरलेली आहे.

पुढच्या वर्षीच्या परिषदेला मी पेंडसे साहेबांकडे बाहेरच्या दारात एक टेबल मागितलं. साहेबांना त्याच सुमारास वेगळाच प्रश्न पडला होता: आदल्या वर्षीच्या बिल्ल्यांची प्लास्टिकची पाकिटं गेली कुठे? लोक पोरांना खेळायला घरी घेऊन गेले होते. मी म्हटलं, बिल्ला परत केला तर लाडवाचं खोकं द्यायचं. दोन्ही कामं एका टेबलावर होतील. शनिवार पेठेतल्याच एका बाईंनी लाडू केले. बर्वे सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "गायकवाडबाई म्हणजे आमचं वरातीमागून घोडं." मीही हसले. नोकरी होती.

पहिल्या दहा-बारा लोकांनी सुरळीच्या वड्यांचं कौतुक केलं. मी तेही लिहून घेतलं. माझं लिहिणं लघुलेखनात, त्यामुळे मागून डोकावणाऱ्याला ताकास तूर लागत नाही. मग हळूहळू लोक बोलायला लागले. माझा अनुभव असा आहे की सभागृहात हात वर करून विचारलेला प्रश्न पाहुण्यांना ऐकवायला असतो. चपला घालता घालता माणूस बोलतो ते खरं. एका हातात लाडू आला की आणखी खरं.

शेवटी साळुंखे आले. हे आमचेच सर्व्हिस मेकॅनिक. फुरसुंगीकडचे, मार्केट यार्डाजवळच्या आमच्या दुरुस्ती केंद्रात एकोणीस वर्षं काढलेली. परिषदेत नव्या पंपाशेजारी उभं राहून पाहुण्यांना भाग उघडून दाखवायला त्यांना बोलावलं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि त्या दिवसापुरता शर्ट खोचलेला.

"घरी काय सांगाल, साळुंखे?"

"सांगीन, मोठ्या हाटेलात जेवलो."

"आणि?"

"बाकी सांगन्यासारखं मला कुनी इचारलंच न्हाई."

"मी विचारते आहे ना."

त्यांनी एकदा मागे पाहिलं. "बाई, नव्या पंपाचं सील सहा म्हैनंबी टिकत न्हाई. बदलून बदलून बोटं दुखाय लागली. वर लिहून दिलं की उत्तर येतंय, इहिरीत गाळ असंल. गाळ इहिरीत न्हाई, बाई. सीलातच खोट हाय."

सील म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसवलेलं रबराचं आणि कार्बनचं कडं. पाणी मोटरीत शिरू नये म्हणून असतं. ते गेलं की मोटर जळते, आणि शेतकरी शिव्या कंपनीला देत नाही, मेकॅनिकला देतो.

मी शब्दन् शब्द घेतला. छातीवरचा बिल्ला समोरच होता, त्यावरचं नावही घेतलं. नंतर सगळी उत्तरं स्वच्छ टाइप केली: कोण, कुठला, काय म्हणाला. सव्वीस पानं, एक खाडाखोड नाही. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला होता, हे कबूल करते. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एक बर्व्यांना दिली, कारण परिषद त्यांची. पेंडसे साहेब दुसऱ्याच दिवशी यंत्रं पाहायला परदेशी गेले. वाचली ती बर्व्यांनी.

दहाव्या दिवशी साळुंखे माझ्या टेबलासमोर उभे. खांद्याला पिशवी नव्हती, त्यामुळे क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही.

"गेटावर पिशवी काढून घेतली, बाई."

हातात नोटीस होती. विक्रेत्यांसमोर कंपनीच्या मालाची बदनामी केल्याबद्दल निलंबन. चौकशी होईपर्यंत घरी बसा. चौकशीचा निकाल काय लागणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"इक्रेत्यांसमोर मी कवा बोललो? तुमच्यासमोर बोललो. तुम्ही इचारलं म्हनून बोललो."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. लघुलेखनाच्या क्लासात आम्हाला तीन गोष्टी पढवल्या होत्या: शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही, आणि कोण बोललं ते विसरायचं नाही. मी तिन्ही पाळल्या आणि एका माणसाला एकोणीस वर्षांच्या नोकरीतून घरी बसवलं. मला इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

मी बर्व्यांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "अहो बाई, दारात परदेशी कंपन्या टपून बसल्यात आणि आपलाच मेकॅनिक म्हणतो माल खोटा आहे. हे कागदावर तुम्हीच आणलंत. हात दाखवून अवलक्षण! उद्या हा कागद बाहेर गेला तर? कार्यक्रम संपला. आता आवरा."

पेंडसे साहेब परत आले त्या सकाळी, त्यांचा चहा यायच्या आधी, मी आत गेले आणि सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली. त्यांनी नोटिशीची प्रत वाचून बाजूला ठेवली.

"साळुंखे खरं बोलतोय असं तुम्हाला वाटतं?"

"वाटून उपयोग नाही, साहेब. मला एकशेचाळीस जोडकार्डं हवीत."

"कोणाला?"

"परिषदेला आलेल्या प्रत्येकाला. पत्ते आहेत माझ्याकडे."

"परिषद संपली ना?"

"म्हणूनच, साहेब. आता कोणाला टाळ्या वाजवायच्या नाहीत. आता लोक खरं लिहितील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा दिवस. तोवर चौकशी थांबवतो. पंधरा दिवसांनी मात्र मला साळुंखेचं मत नको, तुमचंही नको."

जोडकार्ड म्हणजे जुळं पोस्टकार्ड. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपला पत्ता घालून उत्तराला जागा सोडायची. घेणाऱ्याने उत्तर लिहून तो अर्धा भाग फाडून टपालात टाकला की झालं. मी परिषदेला आल्याबद्दल आभार मानले आणि दोनच गोष्टी विचारल्या: नव्या पंपाचं सील किती वेळा बदलावं लागलं, आणि त्या विहिरीचं पाणी कसं आहे? साळुंख्यांचं नाव कुठेही नव्हतं. तेवढी अक्कल आली होती.

पहिल्या आठवड्यात तीन उत्तरं आली. एकाने पुढच्या परिषदेची तारीख विचारली होती आणि एकाने लाडवांची कृती. मी रोज टपालाच्या वेळी आवक विभागात जाऊन उभी राहायचे. तिथले लोक मला पाहताच नकाराची मान हलवायचे.

नवव्या दिवशी एक पार्सल आलं. सुतळीने बांधलेलं, ओळखीचं दिसणारं खोकं. आमचंच लाडवाचं! आत कागदात गुंडाळलेली दोन जुनी सीलं आणि चिठ्ठी: 'पाणी पिण्याचे आहे. गाळ अजिबात नाही. सील आपणच पाहावे. लाडू उत्तम होते.' दुसऱ्या दिवशी चार खोकी आली. मग रोजच यायला लागली. कार्डावर लिहून समाधान होईना म्हणून लोकांनी पुरावाच पाठवला होता, आणि पाठवायला हाताशी आमचं मजबूत खोकं होतंच. पंधराव्या दिवशी एकतीस खोकी पेंडसे साहेबांच्या टेबलावर मांडली. केबिनभर तुपाचा आणि ग्रीसचा वास सुटला होता.

साहेब मूळचे इंजिनियर. त्यांनी कोणालाही न बोलावता एक-एक सील खिडकीशी धरून पाहिलं. गाळाने गेलं असतं तर कार्बनवर ओरखडे दिसले असते. इथे कार्बन गुळगुळीत होता. रबरच फुगून मऊ पडलं होतं. खरेदी विभागाने वर्षभरापूर्वी रबर दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती. काटकसर म्हणून.

त्यांनी बर्व्यांना बोलावलं. बर्व्यांनी ती खोकी पाहिली आणि ते खुर्चीत बसले. पेंडसे साहेब म्हणाले, "बर्वे, वरातीमागून का होईना, घोडं गंगेत न्हालं." मग माझ्याकडे वळून, "नोटीस मागे घेतल्याचं पत्र काढा. एकच 'कृपया' घाला."

बर्व्यांबद्दल एक चांगलं सांगायलाच हवं. साळुंखे कामावर परत आले त्या दिवशी ते स्वतः गेटवर गेले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. साळुंख्यांनी तिथेच उघडून हत्यारं मोजली. "बारा-तेराचा पाना न्हाई," एवढंच म्हणाले. बर्व्यांनी नवा आणवून दिला.

रबर बदललं, विक्रेते टिकले. परदेशी पंप आजही चकचकीत आहेत, आमचे आजही विहिरीत आहेत. जोडकार्डाची ती पद्धत कंपनीने कायम केली. माझं टेबल तर दर परिषदेला मानाचं झालं.

पण पुढच्या परिषदेला साळुंखे दारात आले, मी प्रश्न विचारला, आणि ते माझ्या वहीकडे पाहत म्हणाले, "जेवान छान होतं." बिल्ला दिला, लाडू घेतला, गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. जेवान छान होतं. एकदा वरण खारट झाल्याची तक्रार सगळ्यांनी केली, साळुंख्यांनी नाही.

मी काय गमावलं ते मला तेव्हा कळलं. त्यांची नोकरी परत मिळाली, पण त्यांचं बोलणं परत मिळालं नाही. त्याच वर्षी मी क्रम बदलला. आधी मी प्रश्न विचारायचे आणि मग बिल्ला घ्यायचे. आता टेबलावर पाटी लावली: आधी बिल्ला, मग बोला. लाकडी पेटीला वर फट, आत टाकला की दिसत नाही. माणूस बोलायला लागतो तेव्हा त्याच्या छातीवर नाव नसतं, आणि मी लिहिताना मान वर करत नाही. आवाज ओळखू आला तरी ओळखायचा नाही. लोकांना वाटतं ही प्लास्टिकची पाकिटं वाचवायची पुणेरी युक्ती आहे. वाटू द्यावं.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हेच काम इतर कंपन्यांसाठी करायला लागले. हिंजवडीला इमारती उभ्या राहिल्या तशी तिकडूनही बोलावणी आली. तिथल्या एका कंपनीला दुसरीने विकत घेतलं होतं आणि त्याचा उत्सव होता. मोठमोठ्याने गाणी, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. तरुण मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, फीडबॅक आम्ही ऑनलाइन घेतो ना. वन टु फाइव्ह. लास्ट टाइम फोर पॉइंट टू आला होता."

"त्यातून काय कळलं?"

"म्हणजे... चांगलंच झालं, असं."

मी माझी पेटी मांडली. पोरं हसली, बिल्ल्यांच्या रंगीत दोऱ्या फटीतून आत कोंबल्या, आणि मग एकामागून एक सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. एका मुलीने तर नीट वाक्य करून दिलं: "घरी सांगेन, टी-शर्ट मिळाला. जॉब आहे की नाही, ते माहीत नाही." दोन तासांच्या भाषणांत तेवढंच सांगायचं राहिलं होतं. मी मॅनेजरला पानं दिली, ती त्याने उभ्याउभ्याच वाचून काढली. आठव्या दिवशी सगळ्यांना साधं पत्र गेलं: कोणते विभाग राहणार, कोणते बंद होणार, निगडीची बस चालू राहणार का. सगळ्यांसाठी ती बातमी चांगली नव्हती. पण ज्यांना जायचं होतं त्यांना दुसरीकडे शोधायला तीन महिने मिळाले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, फाइव्ह मिनिट्सचं काम होतं हे."

"हो," मी म्हटलं, "पण मनात यायला कार्यक्रम संपावा लागला."

अशी कामं पुष्कळ झाली. त्यांचा अभिमान आहे, आणि तो लपवण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पंपांच्या कंपनीची परिषद मात्र मी कधी सोडली नाही. पेंडसे साहेब थकले, बर्वे निवृत्त झाले, साळुंख्यांचे केस पांढरे झाले. मी दर वर्षी त्यांच्या 'जेवान छान होतं'पुढे वहीत एक आडवी रेघ ओढायचे.

त्यांच्या नोकरीतली शेवटची परिषद. सगळे गेल्यावर ते आले. पाटीकडे पाहिलं, बिल्ला काढला, फटीतून आत टाकला. मी मान खाली घालून पेन्सिल धरली.

"जेवान छान होतं," ते म्हणाले. मी रेघ ओढली.

पण पावलं हलली नाहीत. त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली, पिशवीतून पाना काढून मागची फळी ढिली केली, आणि आत हात घालून एकेक बिल्ला चाळायला लागले. हवा तो सापडल्यावर त्यांनी तो पुन्हा छातीवर लावला, सरळ केला, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं.

"आता लिवा, बाई. नावासकट. नव्या मोटरीतल्या तारंचं वायंडिंग हलकं हाय. दोन उन्हाळं काढायची न्हाई. आन् साळुंखे म्हनला, असं सायबांना कळू द्या."

मी लिहिलं. आधी नाव लिहिलं, मग वाक्य.

"वाचून दाखवू?" मी विचारलं. स्टेनोची सवय.

"नगं," ते उठत म्हणाले, आणि लाडवाचं खोकं पिशवीत टाकलं. "मागल्या येळंलाबी तुम्ही बरोबरच लिवलं व्हतं."